खरा वर्गाभिमान

आंतरवर्गीय सामन्यांचे वेळापत्रक फलकावर लागले की शाळेतील वातावरणच पालटते. कालपर्यंत शेजारची वाटणारी तुकडी एकाएकी प्रतिस्पर्धी होते. मधल्या सुट्टीत डबा खाताना संघनिवडीच्याच गोष्टी निघतात. आणि सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती ज्याच्या त्याच्या वर्गाचा जयघोष दुमदुमतो. हा उत्साह चांगलाच आहे. परंतु घसा बसेपर्यंत ओरडणे म्हणजे वर्गाभिमान नव्हे. वर्गाभिमान कशात असतो हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने आपल्या खो-खोच्या खेळाकडे नीट पाहावे.

हा खेळ आपल्याच मातीत वाढला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम तयार केले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा पुरुषांचे व महिलांचे अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने मिळवली. परंतु या खेळाचे मोठेपण अशा कीर्तीपेक्षा त्याच्या नियमांत अधिक आहे.

शाळेच्या सामन्यांत पाठलाग करणारे गडी नऊ असतात. त्यांपैकी आठ जण दोन खांबांच्या मधल्या पाटीवर बसतात. एकाचे तोंड एका बाजूला, तर शेजाऱ्याचे दुसऱ्या बाजूला. धावतो तो एकटा नववा. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. खांबापर्यंत गेल्यावाचून दिशाही बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र हे बंधन नसते. तो बैठ्या गड्यांमधून हवा तसा निसटतो. अशा वेळी पाठलाग करणारा कितीही चपळ असला, तरी त्याचे एकट्याचे पाय पुरे पडत नाहीत. योग्य क्षणी सोबत्याला पाठीमागून 'खो' द्यावा आणि आपण त्याच्या जागी निमूटपणे बसावे, यातच खरे कौशल्य असते. बैठ्या गड्याचे कामही सोपे नाही. खो मिळण्यापूर्वी उठला, तर नियमभंग होतो. मिळाल्यावर रेंगाळला, तर पळणारा हातचा जातो. वेळ येताच उठणे आणि वेळ येताच बसणे, हीच संघवृत्ती होय.

कोणी विचारील, "संघात जागा मोजक्यांनाच मिळते, मग बाकीच्यांनी काय करावे?" संघात उत्तम गडीच निवडावेत आणि जिंकण्यासाठीच खेळावे, यात शंका नाही. परंतु सरावात पाठलाग करायचा, तर समोर पळणारे कोणीतरी हवेच. मैदानावर फक्कीने रेषा आखणे, पाण्याची घागर भरून ठेवणे, खरचटलेला गुडघा धुऊन देणे, हीदेखील संघाचीच कामे आहेत. ज्या वर्गात ती न सांगता होतात, तो वर्ग मैदानात उतरण्यापूर्वीच एक झालेला असतो.

वर्गाची खरी कसोटी लागते ती पराभवाच्या वेळी. अखेरच्या क्षणी एखाद्याचा पाय घसरतो आणि एका गुणाने सामना जातो. "तुझ्यामुळे हरलो," एवढे दोन शब्द वर्गात फूट पाडण्यास पुरेसे होतात. मिळालेले गुण जर सर्वांचे, तर हुकलेला गुण एकट्याचा कसा? खाली मान घालून बसलेल्या त्या गड्याला दुसऱ्या दिवशी हाक मारून पुन्हा सरावाला नेणारा वर्ग हरूनही मोठा ठरतो.

प्रतिस्पर्धी वर्गाविषयीही मनात कटुता नसावी. तो नसेल, तर सामनाच होणार नाही. शिवाय आज ज्याला बाद करण्यासाठी तुम्ही जिवाच्या आकांताने धावता, तोच उद्या शाळेच्या संघात तुमच्या शेजारी बसलेला असेल. आणि ऐन वेळी खो द्यायचा तो त्यालाच, हे तुम्हांला आठवावे लागेल.