निगेटिव्ह भंगारात देऊ नका

फोटोच्या रोलचं भविष्य काय, यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, २०१२मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हाच तो विषय संपला. दुसरं म्हणतं, २०२४मध्ये पेंटॅक्सनं रोलवर चालणारा नवा कॅमेरा आणला, म्हणजे रोल परत येतोय. जळगाव-धुळ्यातल्या सामान्य माणसाला यातलं काहीच लागू होत नाही. त्याच्यासाठी नवा रोल ही महागडी हौस आहे. माझ्या मते आपल्याकडे खरा प्रश्न जुन्या निगेटिव्हचा आहे.

आपल्या समाजात फोटो जरा बिचकतच आला. जायज की नाजायज, हा वाद होता. पण हजला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला फोटो हवा. शेषन यांच्या काळात, १९९३पासून, मतदार ओळखपत्रं आली. कित्येक दादी-नानींचा पहिला फोटो असा कागदासाठीच निघाला. निकाहचे अल्बम, मदरशाचे ग्रुप फोटो नंतर वाढले. मोहल्ल्याचा लिखित इतिहास तुटपुंजा असताना हाच आपला दस्तऐवज आहे.

अल्बम घरी आला, तरी निगेटिव्ह बऱ्याचदा स्टुडिओतच राहायची. पुन्हा कॉपी काढता यावी म्हणून फोटोच्या पाठीवर तिचा नंबर लिहीत. आता स्टुडिओ बंद होतात आणि खोकी भंगारात जातात. कृष्णधवल निगेटिव्हवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावला त्या चांदीचा भाव कळतो. चेहऱ्यांचा कोण करणार?

कुणी म्हणेल, मोबाइलवर कॉपी काढली की झालं. कॉपी जरूर काढा, पण मूळ फेकू नका. रॉबर्ट गिलचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या हुबेहूब नकला करण्यात त्यानं अनेक वर्षं घालवली. १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथं ठेवलेल्या त्या नकला जळाल्या. त्यानं काढलेले लेण्यांचे फोटो मात्र १८६४मध्येच पुस्तकरूपानं छापले गेले होते; ते उरले. गिलची कबर भुसावळला आहे. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू एका अपघातात जाते, एवढं त्यावरून शिकता येतं.

निगेटिव्हही अमर नाही. खानदेशी उन्हाळ्यात, पत्र्याखाली ती लवकर खराब होते. व्हिनेगरसारखा वास आला तर समजा, ती सडतेय. कागदी पाकिटात, कोरड्या आणि थंड खोलीत ठेवा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळानं जुने कागद जपले. तसं निगेटिव्हसाठी एखादं कॉलेज, एखादी मोहल्ला लायब्ररी का करू शकत नाही?

२०१९च्या अखेरीस एनआरसीच्या चर्चेनं घरोघरी जुने कागद शोधले गेले. फोटोनं नागरिकत्व सिद्ध होत नाही, हे खरं. पण आपण इथं कसे जगलो, कुणाच्या शेजारी उभे राहिलो, हे त्यातच दिसतं. तुमच्या गल्लीतला स्टुडिओ बंद होण्याआधी मालकाला एकदा भेटा.