बंब, गीझर, शेगडी : आधी धुराला वाट द्या

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. डेंग्यू मागे पडतो आणि दमा, खोकला, सांधेदुखी पुढे येतात. या आठवड्यात मोशीच्या एका वाचकभगिनीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, सासूबाईंचा तांब्याचा बंब अजून उत्तम आहे, पॅकिंगची लाकडे स्वस्तात मिळतात; पण घरमालक म्हणतात, भिंती काळ्या होतात, गॅसचा गीझर बसवा. तर आरोग्याच्या दृष्टीने आंघोळीचे पाणी लाकडावर तापवावे की गॅसवर?

प्रश्न घरोघरचा आहे, म्हणून उत्तर येथेच देतो. धूर दिसतो म्हणून लाकूड वाईट आणि धूर दिसत नाही म्हणून गॅस चांगला, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती निम्मी खरी आहे, आणि उरलेल्या निम्म्यामुळे दर हिवाळ्यात माणसे दगावतात. माझे मत असे की, लाकूड की गॅस हा प्रश्न दुसरा. जळायला लागणारी हवा कोठून येणार आणि जळून झालेले वायू कोठे जाणार, हा प्रश्न पहिला. तो आपण विचारीतच नाही.

मोशी हे इंद्रायणीकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते तोवर हा प्रश्न विचारण्याची गरजही नव्हती. बंब परसात असे, न्हाणी वरून उघडी किंवा पत्र्याची, आणि बाभळीच्या ढलप्यांचा धूर सरळ आभाळात जाई. १९९७ साली गाव महापालिकेत आले. मग चाळी आल्या, गुंठ्या-दोन गुंठ्यांवर चार मजली इमारती आल्या, पुढे मोठ्या सोसायट्या आल्या. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्यांना जाणारी माणसे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहू लागली. परस गेले, पण बंब राहिला. तो आता जिन्याखाली, बोळात, नाहीतर डक्टच्या तोंडाशी पेटतो आणि त्याचा धूर वरच्या तीन बिऱ्हाडांत शिरतो.

लाकडाच्या धुराबद्दल आता शंका घेण्याजोगे काही उरलेले नाही. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या शेजारच्या गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातून किती धूर जातो हे मोजले आणि जगाचे लक्ष स्वयंपाकघराकडे वळवले. विडी-सिगारेट कधीही न ओढणाऱ्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आवळण्याचा विकार, का होतो यावर आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांचा लेख २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जगाचा विचार केला तर या विकाराचे सर्वांत मोठे कारण कदाचित तंबाखू नसून जळणाचा धूर असेल, असे त्यांनी मांडले. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आमच्या दवाखान्यात जिना चढताना धापा टाकणाऱ्या साठीच्या आजी येतात. त्यांनी जन्मात कधी मशेरीपलीकडे तंबाखूला हात लावलेला नसतो. त्यांना चुलीबद्दल विचारले की त्या हसतात. चुलीपुढेच आयुष्य गेले, तिच्याबद्दल काय सांगायचे!

तेव्हा स्वयंपाक गॅसवर करावा, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. दिवसाचे तीन-चार तास जिथे बाई बसते, पोर मांडीवर असते, तिथे धूर नको म्हणजे नको.

परंतु पत्रातील ‘पॅकिंगची लाकडे’ हे दोन शब्द वाचून मी थांबलो. हे आपल्या पट्ट्यातले खास जळण आहे. कारखान्यांत यंत्रे आणि सुटे भाग लाकडी खोक्यांतून व पॅलेटवरून येतात. ती मोडकी खोकी भंगारवाल्याकडे जातात आणि तेथून फाळके होऊन बंबाखाली येतात. साधे, रंग नसलेले पाईनचे फळकूट असेल तर त्याचा दोष इतकाच की त्यात राळ असते, काजळी फार धरते. पण त्या ढिगात साधे लाकूड किती असते? प्लायवूड असते, भुसा दाबून केलेले बोर्ड असतात, रंगाची, तेलाची, ग्रीसची लाकडे असतात. प्लायवूड म्हणजे सरसाने चिकटवलेले लाकडाचे पातळ थर. त्या सरसातून फॉर्मॅल्डिहाइड निघते आणि डोळे, घसा चुरचुरतो. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, तो पाहून घ्यावा. त्यात इंग्रजी ‘एच टी’ ही अक्षरे असली तर लाकडाची कीड केवळ उष्णतेने मारलेली असते. ‘एम बी’ असली तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तो वायू बराचसा उडून जातो हे खरे, तरी असले लाकूड घरात जाळू नये. सर्वांत वाईट ते हिरवट झाक असलेले, वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेले लाकूड. त्या औषधात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, असू शकतो. सोमल जळून नाहीसा होत नाही. थोडा धुरात जातो, उरलेला राखेत राहतो, आणि त्याच राखेने आपण भांडी घासतो.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मोशीच्या कचरा डेपोवर कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प आहे, त्याचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. अशा भट्टीचे तापमान खूप उंच राखावे, धूर गाळूनच उंच धुराड्यातून सोडावा, असा नियम आहे. रंग, प्लास्टिक, सरस कमी आचेवर जळले की त्याचे जास्त घातक विष होते, म्हणून एवढा खटाटोप. आणि आपण तीच वस्तू दोन फुटी बंबात, कुडकुडत, फुंकणीने फुंकून जाळतो! डेपोच्या वासाबद्दल निवेदने देणाऱ्या सोसायटीच्या मागच्या बोळातही मी असा बंब पाहिलेला आहे.

आता गीझरकडे येऊ, कारण घरमालकांचा सल्ला तोच आहे आणि तो ऐकताना जास्त सावध राहिले पाहिजे.

सहा लिटरचा म्हणून मिळणारा गॅस गीझर पूर्ण सोडला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. आता आपले न्हाणीघर मोजा. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच, म्हणजे साडेपाच घनमीटरही हवा नाही. दार-खिडकी घट्ट लावली तर अर्ध्या तासाच्या आत ती सर्व हवा गीझर खाणार. पण तेवढा वेळही लागत नाही. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८-१७ वर आला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात ही पाळी पहिल्या पाच-दहा मिनिटांतच येऊ शकते. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात आणि दुकानदार तेवढेच सांगून निर्धास्त करतो. वरचा हिशेब पाहिला म्हणजे वीस मिनिटे किती उशिराची आहेत ते कळेल.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. लोक म्हणतात, गॅस सुटला असता तर वास आला असता. सिलिंडरच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि तो ज्योतीत जळून जातो. येथे गॅस सुटलेला नसतो, तो जळत असतो. फक्त अपुऱ्या हवेत. म्हणून रेग्युलेटर आणि नळी तपासून उपयोग नाही. पाइपचा गॅस आला म्हणूनही फरक पडत नाही. तो हलका असल्याने गळाला तर वर जातो एवढेच, जळायला त्यालाही हवा लागतेच.

सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गुडघ्यांतले बळ जाते. आपल्याकडे डोकेदुखी आणि उलटी म्हणजे पित्त, हे समीकरण पक्के. तिसऱ्या पाळीवरून येऊन सकाळी आंघोळ करणारा एक तरुण माझ्याकडे आठवडाभर पित्ताच्या गोळ्या खाऊन आला होता. आंघोळीनंतरच त्रास होतो आणि गच्चीवर जाऊन बसले की अर्ध्या तासात उतरतो, असे त्याच्या बायकोने सहज सांगितले, त्यावरून उलगडा झाला. थंडी येते म्हणून त्यांनी न्हाणीघराच्या झडपांवर पुठ्ठा लावला होता. पुठ्ठा काढला, गीझर बंद ठेवला, पित्त बरे झाले! पण कडी आतून लावलेली असते, आणि गुडघ्यांतले बळ गेल्यावर कडीपर्यंत हात पोहोचत नाही. वर्तमानपत्रात ‘न्हाणीघरात मृतावस्थेत’ अशी जी बातमी आपण चहाबरोबर वाचतो, तिच्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

उपाय महागही नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या गॅलरीत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा. बहुतेक कंपन्यांच्या सूचनापत्रकातही हेच लिहिलेले असते. दहा-बारा फूट पाइप आणि भिंतीला एक भोक, एवढाच जास्तीचा खर्च, आणि तोच वाचवला जातो. येथे मी घरमालकांना स्पष्ट बोलणार आहे. भाडेकरूला गीझर बसवायला सांगणे आणि भोक पाडू न देणे, किंवा वीज बिल वाढते म्हणून विजेचा गीझर नको म्हणणे, हा व्यवहार नव्हे. ज्या न्हाणीघराला बाहेर उघडणारी कायमची झडप नाही, तेथे गॅसची ज्योत पेटवण्यास मनाई असावी आणि महापालिकेने भोगवटा दाखला देताना ही झडप पाहावी, असे माझे मत आहे. भाडेकरूनेही खोली घेताना डिपॉझिटची घासाघीस करतो तशी न्हाणीघरातली झडप पाहून घ्यावी.

शेगडीबद्दल लिहिले तर आजीबाई रागावतील, तरी लिहितो. बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी आणि बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी, ही आपली जुनी रीत. ऊब हवी हे बरोबर. पण वाऱ्याची झुळूकही लागू नये म्हणून दार-खिडक्यांच्या फटी बुजवून शेगडी ठेवतात, ते जिवावरचे आहे. धूर संपला, निखारे रसरशीत झाले की शेगडी आत आणतात, आणि नेमक्या त्या बिनधुराच्या निखाऱ्यांतूनच हा वायू भरपूर येतो. तान्ह्या बाळाचा श्वास जलद असतो आणि त्याचे रक्त हा वायू मोठ्यांपेक्षा जास्त धरून ठेवते. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घालावे, त्याइतकी चांगली ऊब दुसरी नाही. बाळंतिणीला शेक हवाच तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरते. रात्रपाळीहून येऊन एका खोलीत पाच-सहा जण झोपणाऱ्या कामगार बंधूंनीही घमेल्यातली शेकोटी आत घेऊन दार लावू नये. शेकायचे ते बाहेर शेकावे, आत यावे, पांघरूण घ्यावे.

तेव्हा पत्रलेखिका भगिनींना माझे उत्तर असे. घराला उघडे अंगण असेल, धूर कोणाच्या खिडकीत जात नसेल आणि जळण साधे, कोरडे लाकूड असेल, तर सासूबाईंचा बंब दिवसाकाठी अर्धा तास पेटवायला माझी हरकत नाही. बोळात, जिन्याखाली किंवा प्लायवूडवर पेटणार असेल तर तो घासूनपुसून माळ्यावर ठेवावा. गॅस गीझर बाहेर बसत असेल तरच घ्यावा. आतच बसवायचा असेल तर घरमालकांशी भांडून विजेचा घ्यावा, आणि तोवर पाणी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, खिडकी उघडी ठेवून, पातेल्यात तापवावे.

आणि कोणी न्हाणीघरात हाक देऊनही ओ देत नसेल तर विचार करीत बसू नये. दार फोडावे, आत शिरताना श्वास रोखून धरावा, माणसाला ओढत मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. करोनापासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, त्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायू असलेल्या रक्तासारखेच दिसते आणि ते बिनदिक्कत ९८ दाखवते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, रुग्णालयात मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. म्हणून डॉक्टरांपुढे गेल्यावर चक्कर आली, पित्त झाले, असे काही न सांगता ‘गीझर चालू होता’ किंवा ‘खोलीत शेगडी होती’ हे पहिले वाक्य बोलावे. रक्तातला हा वायू मोजण्याची तपासणी वेगळी असते आणि त्या वाक्याशिवाय ती करण्याचे कोणाला सुचत नाही.