डिझेल कोणासाठी?

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात शिक्षक असलेल्या एका मित्राचे पत्र गेल्या महिन्यात आले. मजकूर थोडा होता. "दादा, आम्ही अठरा घरांनी प्रत्येकी पंचवीस हजार काढायचे ठरवले आहे. त्यात एक गाडी घ्यायची आहे. डिझेलवरची, उंच, मजबूत पाट्यांची. दूध, भाजी आणि माणूस तिन्ही नेईल अशी. तुम्ही नाशकात आहात, तेवढी बघून द्या."

हा मित्र चैनीसाठी पैसे उधळणारा नव्हे. त्याच्या वाडीला डांबरी रस्ता नाही. एस.टी. खाली फाट्यावर थांबते आणि तेथपर्यंतची तीन किलोमीटरची उतरण पावसाळ्यात माणसाला पायीही अवघड जाते. बाळंतीण न्यायची तर झोळी करावी लागते. पहाटेचे दूध संकलन केंद्रावर वेळेत पोचले नाही, तर ते परत आणून घरीच आटवावे लागते. तेव्हा अठरा घरांनी साडेचार लाख रुपये उभे करावेत आणि त्याची गाडी घ्यावी, यात मला वावगे काही वाटले नाही. मी होकार कळवला. दोन-चार दिवसांत काम होईल, अशी माझी समजूत होती. महिना गेला.

या महिन्यात जे पाहिले त्यावरून काही विचार मनात आले, ते आपल्या कार्यकर्त्यांपुढे ठेवण्यासारखे आहेत असे वाटते. आपल्यापैकी अनेकांवर आपापल्या तालुक्यात अशीच गाडी शोधून देण्याची वेळ येत असणार.

प्रथम एका नव्या गाड्यांच्या दालनात गेलो. तेथील तरुणाने मोठ्या अदबीने विचारले, "सर, फॅमिलीसाठी बघताय ना?" मी म्हटले, अठरा कुटुंबांसाठी. तो हसला, त्याला तो विनोद वाटला. मग त्याने मला छपराला काच असलेली, आसनाला गारवा देणारी आणि पुढच्या पडद्यावर नकाशा दाखवणारी एक भव्य गाडी दाखवली. डोंगरात चालेल का, या प्रश्नावर त्याने एक कळ दाखवली. ती फिरवली की गाडी 'चिखल', 'वाळू', 'बर्फ' यांसाठी सज्ज होते म्हणे. दुधाचे कॅन कोठे ठेवायचे, याची कळ त्या गाडीत नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलिस जीपची जुळवणी सुरू झाली. तिच्यामागून आलेल्या देशी जीपगाड्यांनी या देशाचे खेडे जेवढे पाहिले तेवढे क्वचितच दुसऱ्या वाहनाने पाहिले असेल. पुढे त्यांना प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या धर्तीचे डिझेल इंजिन मिळाले, कमांडर आली, पुण्याकडून ट्रॅक्स आणि सुमो आल्या. कोल्हापूर-साताऱ्याकडे 'वडाप' आणि मराठवाड्यात 'काळी-पिवळी' म्हणून जे काही धावले ते बहुतेक याच जातीचे. नऊ माणसांच्या गाडीत सोळा कोंबली जात, टपावर कोंबड्यांच्या डालीही असत. त्या प्रवासाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात माणसे मेलीही आहेत. परंतु त्या काळी उंच डिझेल गाडी आणि खराब रस्ता यांचे नाते सरळ होते. आता देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक या उंच, अवजड जातीच्या आहेत आणि त्यांतील बहुतेकींनी शहरातल्या गतिरोधकाखेरीज दुसरा चढ पाहिलेला नाही. गरजेचे वाहन ऐटीचे झाले आणि त्याची किंमत ऐटीच्या हिशेबाने ठरू लागली. कळसूबाईच्या पलीकडच्या अंगाला इगतपुरीत इंजिने बनतात, नाशकात गाड्या बनतात आणि त्याच डोंगराच्या अलीकडच्या वाडीला बाजारातल्या तिसऱ्या हाताच्या गाडीवर समाधान मानावे लागते.

नव्या साध्या बोलेरोलाही रस्त्यावर येईपर्यंत नऊ-दहा लाखांच्या घरात रक्कम लागते. तेव्हा मी मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळलो. सोबत एक अनुभवी मेस्त्री घेतला. त्याने जे शिकवले ते येथे नोंदवून ठेवतो, कारण ते कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी आहे. गाडी पाहायला सकाळी, न सांगता जावे. आपण पोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवलेले असेल, तर काहीतरी झाकायचे आहे असे समजावे. चालू करताच काळा धूर आला तर नोझल किंवा पंपाचे काम, ते परवडते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, रिंगा गेल्या, तेथून निघावे. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण काढावे आणि तेथून वाफारा जोराने उसळला तरीही निघावे. पाटे जेथे चासीला अडकवलेले असतात तेथे हात घालून गंज पाहावा. वरच्या रंगाकडे पाहूच नये. चासी क्रमांक कागदाशी ताडावा आणि कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही ते पाहावे.

या बाजारात एका रांगेत अकरा गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या चार 'दिल्ली पासिंग' होत्या. दिसायला उत्तम, किंमत इतरांहून लाखाने कमी. मी कारण विचारले. दलाल म्हणाला, "काका, तिकडं दहा वर्षं झाली की डिझेल गाडी बाद. इकडं चालती."

या 'इकडं चालती'चा इतिहास पाहण्याजोगा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने अशा मालकांवरील कारवाई थांबवली आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत-४ मानकाच्या व त्यानंतरच्या गाड्यांपुरतेच राखले. या सगळ्या वर्षांत मालकांपुढे एक वाट मोकळी होती: ना-हरकत दाखला घ्यायचा आणि गाडी दुसऱ्या राज्यात विकायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. त्यात दिल्लीच्या फुप्फुसांचा अपवाद केलेला नाही, तसा अकोल्याच्या फुप्फुसांचाही नाही. राजधानीने आपली हवा स्वच्छ करावी, याला कोणाचा विरोध असेल? पण घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्याला स्वच्छता म्हणत नाहीत. शिवाय तो शेजारी केर विकत घेतो आहे, कारण त्याला परवडणारे दुसरे काही बाजारात ठेवलेलेच नाही.

त्याच दिल्लीत धनिकांच्या गाड्यांचे काय झाले तेही पाहावे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००० घनसेंटिमीटर व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी तेथे थांबवली. काही आठवड्यांतच मर्यादेच्या किंचित आतले इंजिन बसवलेल्या मोठ्या गाड्या बाजारात हजर झाल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्कावर ती बंदीही उठली. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला बंदीतून वाट सापडते, ती एक टक्क्याला पडते.

मूळ प्रश्न डिझेलच्या भावाचा आहे. कित्येक दशके सरकारने डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त ठेवले. त्याचे समर्थन एकच होते: शेतकऱ्याचा पंप, मालमोटार आणि गरिबाची बस त्यावर चालते. ते समर्थन योग्यच होते. परंतु २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव मोकळे केले, डिझेलचे नाही. आणि २०१२ च्या मध्यावर दोहोंतील अंतर लिटरमागे तीस रुपयांच्या वर गेले. मग जे व्हायचे तेच झाले. शहरातला सुखवस्तू माणूस डिझेलकडे वळला. त्या सुमारास नव्या मोटारींतील निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. आज हे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास उरले आहे. शेतकऱ्याच्या नावाने काढलेली सवलत कोणाच्या टाकीत पडत होती, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा नको. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच सुचवले होते की डिझेल मोटारींवर ८०,००० रुपयांचे जादा उत्पादनशुल्क बसवावे, म्हणजे खाजगी मालकाने उचललेली सवलत परत वसूल होईल. ती सूचना कागदावर राहिली.

त्याऐवजी जे केले गेले ते आजही चीड आणते. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने घाऊक खरेदीदारांसाठी वेगळा भाव ठरवला. घाऊक खरेदीदार म्हणजे कोण? रेल्वे आणि राज्य परिवहन महामंडळे. त्यांना डिझेल बाजारभावाने, म्हणजे लिटरमागे सुमारे दहा रुपये महाग. आणि पंपावर येणाऱ्या खाजगी मोटारीला मात्र सवलतीने. पन्नास माणसे नेणाऱ्या बसने पूर्ण दाम मोजायचे आणि एक माणूस नेणाऱ्या मोटारीने सवलत घ्यायची! अनेक राज्यांच्या महामंडळांनी अखेर आपल्या बसगाड्या किरकोळ पंपांवर रांगेत उभ्या केल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव पूर्ण मोकळे झाले. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पेट्रोल-डिझेलमधले अंतर पंधरा रुपयांच्या आत होते. धनिक पुन्हा पेट्रोलकडे गेला, कारण त्याला पर्याय होता. शेतकरी व एस.टी. तेथेच राहिले, आता सवलतीवाचून. आपल्या राज्यात तर एस.टी.च्या तिकिटावर कितीतरी वर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला गेला.

वस्तू व सेवा करातही हीच दृष्टी आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात चार मीटरच्या आतल्या लहान डिझेल गाड्यांवरचा कर ३१ वरून १८ टक्क्यांवर आला, बसवरचा २८ वरून १८ वर. याचे स्वागत केले पाहिजे. पण त्याच दिवशी सर्वांत मोठ्या, सर्वांत अवजड गाड्यांवरचा एकूण करही ५० वरून ४० टक्क्यांवर आणला गेला. त्याची कोणती लोकोपयोगी गरज होती? कायदा गाडीची लांबी मोजतो, इंजिन मोजतो, जमिनीपासूनची उंची मोजतो. आत किती माणसे बसणार आणि ती कोठे जाणार, हे मात्र तो विचारत नाही.

आपल्यातलेच काही तरुण मित्र म्हणतील की पर्यावरणाच्या या काळात डिझेलची जीप शोधत हिंडणे शोभत नाही. विजेची गाडी घ्यावी. त्यांचा रोख चुकीचा नाही. पण त्या वाडीत पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते आणि साडेचार लाखांत तो घाट चढणारी विजेची गाडी आज मिळत नाही. नव्या डिझेल गाड्यांच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, हा चांगला उपाय आहे. मात्र ती जाळी स्वतःला जाळून साफ व्हायला गाडी लांब पल्ल्यावर सलग वेगात चालावी लागते. फाट्यापर्यंत तीन किलोमीटर रांगत जाणाऱ्या गाडीत ती तुंबते. शहरात रोज कचेरीपुरते जाणाऱ्या गाडीतही ती तशीच तुंबते, हे डिझेलच्या शहरी चाहत्यांनी लक्षात ठेवावे. ज्याला महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटरही चालवायची नाही, त्याने डिझेल घेण्यात ना त्याचा फायदा, ना इतरांचा.

माझे म्हणणे एवढेच, की डिझेलवरचे निर्बंध आणि सवलत दोन्ही वापर पाहून ठरली पाहिजेत. शहरातल्या खाजगी अवजड गाडीवर वजनाच्या प्रमाणात वार्षिक कर बसवावा आणि तो पैसा डोंगरी भागात लहान बसगाड्या चालवण्याकडे वळवावा. राजधानीतून बाद झालेली गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवताना तिच्या धुराची खरी तपासणी व्हावी. आणि एका वाडीने सामाईक घेतलेल्या गाडीसाठी परवान्याचा एखादा साधा प्रकार असावा. आज पांढऱ्या पाटीच्या गाडीत शेजाऱ्याकडून डिझेलपुरते दहा रुपये घेतले, तरी ती अवैध प्रवासी वाहतूक होते. पिवळी पाटी घ्यावी तर परवाना, महाग विमा आणि वारंवारचे पासिंग. अठरा घरांच्या वाडीला यांतले काही पेलत नाही.

अखेर गाडी मिळाली. निफाडच्या एका द्राक्षबागाईतदाराची २०१८ ची बोलेरो, एक लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली, सव्वाचार लाखांना. धूर किंचित काळा, निळा नाही. पाट्यांना गंज नाही. मेस्त्रीने दोन नोझल बदलली. दिल्लीची एखादी घेतली असती तर पाऊण लाख वाचले असते. मी मित्राला दोन्ही पर्याय कळवले होते. त्याने वाडीत बैठक घेतली आणि उत्तर आले, "दादा, इथली बघा. त्यांचा धूर आम्हाला नको."

गेल्या रविवारी गाडी वर गेली. मित्राने एक वही घातली आहे. पहिल्या पानावर अठरा नावे आणि दुसऱ्या पानावर डिझेलच्या पाळ्या आहेत. तिसऱ्या पानावर वाडीने ठरवलेले नियम आहेत: पेशंट पहिला, मग दूध, मग बाजार, लग्नाला गाडी मिळणार नाही. भाड्याचा रकाना त्याने आखला होता, पण कायद्याचे ऐकल्यावर तो खोडून तेथे 'वर्गणी' असे लिहिले आहे.