गिधाडांचा हिशेब

वृत्तपत्रे मरतात म्हणून हळहळणारे पुष्कळ. ती मारली जातात असे म्हणणारे थोडे. वाचक मोबाईलकडे वळला, जाहिराती गूगल-फेसबुकने पळविल्या, बिचारा मालक काय करणार? हे अर्धे खरे. उरलेले अर्धे अमेरिकेतील डेन्व्हर शहरात पाहावे.

तेथील दोन मोठ्या दैनिकांपैकी 'रॉकी माउंटन न्यूज' २००९ साली बंद पडले. 'डेन्व्हर पोस्ट' तेवढे उरले. पुढे त्याची मालकी न्यूयॉर्कच्या 'ऑल्डन ग्लोबल कॅपिटल' या गुंतवणूकदार कंपनीच्या हाती गेली. ऑरोरा येथील चित्रपटगृहातील गोळीबाराच्या वार्तांकनासाठी २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळविणारे हे पत्र! एके काळी त्याच्या संपादकीय विभागात अडीचशेच्या वर माणसे होती; २०१८ मध्ये ती शंभराच्या आत आली, तरी आणखी ३० जणांना निरोप देण्याचे ठरले.

मग पत्र तोट्यात असेल? छे! या मालकाच्या वृत्तपत्रसमूहाने २०१७ च्या आर्थिक वर्षात शेकडा १७ च्या आसपास नफा मिळविल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या नाक्यावरच्या वाण्याला विचारा, हा काय आकडा असतो तो! वठलेले झाड तोडणाऱ्याला कोणी बोल लावत नाही. ऐन मोहरातला आंबा सरपणासाठी विकणाऱ्याला काय म्हणावे?

८ एप्रिल २०१८ रोजी त्या पत्राच्या अग्रलेखाने आपल्याच मालकांना गिधाडे म्हटले. त्या पानाचे संपादक चक प्लंकेट यांनी पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला. मालकाला मात्र उपमा लागली नसावी. मे २०२१ मध्ये त्याने 'शिकागो ट्रिब्यून' घेतले आणि दोन महिन्यांत तेथील संपादकीय विभागातील पाव माणसे बाहेर पडली. या हकालपट्टीचे गोंडस नाव स्वेच्छानिवृत्ती.

फराळाच्या ताटापुढे हे परके रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण नगरसभेत मागल्या बाकावर बसून वही भरणारा वार्ताहर गेला, की त्याचा भुर्दंड रहिवाशांनाच बसतो. वृत्तपत्र बंद पडलेल्या भागांत स्थानिक संस्थांना कर्ज महाग पडू लागते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले. ते व्याज भरायचे करदात्याने. नफा केव्हाच न्यूयॉर्कला गेलेला!

त्याच वर्षी 'पोस्ट'मधून बाहेर पडलेल्या दहा पत्रकारांनी 'कोलोरॅडो सन' हे इंटरनेटवरील पत्र काढले. २०२३ मध्ये त्यांनी ते विनानफा संस्थेचे करावयाचे ठरविले; नफा खिशात घालायला तेथे मालकच ठेवला नाही.