परशुरामाला पृथ्वीच्या गोलावरून खाली उतरवा

अक्षय्य तृतीया आली की रत्नागिरीच्या नाक्यानाक्यावर परशुरामाचे फ्लेक्स लागतात. फुगवलेले दंड, तारवटलेले डोळे, उगारलेला परशू. जातीच्या मेळाव्यांनी आमच्या देवाचा पहिलवान करून टाकला आहे. मी परशुरामाला आदिपुरुष मानणाऱ्या चित्पावन घरातला आहे, म्हणून हे आधी मीच बोललं पाहिजे: ही भक्ती नाही, ही दमबाजी आहे, आणि तीही त्याची कथा न वाचता केलेली.

कथा काय सांगते? एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केल्यावर त्याने ती सगळी कश्यप ऋषींना देऊन टाकली. दिलेल्या जमिनीवर राहण्याचा हक्क उरला नाही, म्हणून तो समुद्राकडे गेला. त्या दानामुळेच कोकण समुद्रातून वर आलं. आणि आपण काय केलं? दापोलीजवळ बुरोंडीला त्याचा भव्य पुतळा थेट पृथ्वीच्या गोलावर उभा केला! ज्याने पृथ्वी सोडली, त्यालाच तिच्या डोक्यावर चढवला. कथेचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

चिपळूणजवळच्या परशुराम मंदिराला मात्र ही कथा कळली होती. जंजिऱ्याच्या सिद्दीने उद्ध्वस्त केल्यावर ब्रह्मेंद्रस्वामींनी उभं केलेलं हे देवस्थान. गाभाऱ्यात काळ, काम आणि परशुराम अशा तीन मूर्ती आहेत. काळ आणि काम यांच्या सोबतीने उभा असलेला वीर! आवारातच रेणुकेचं देऊळ. बापाच्या आज्ञेवरून जिचं मस्तक त्याने उडवलं, ती त्याची आई. वर मागायची वेळ आली तेव्हा त्याने आई जिवंत व्हावी आणि तिला हा वध आठवू नये, हे मागितलं. एवढा हादरलेला मुलगा आजवर एकाही फ्लेक्सवर आलेला नाही.

रोमनांचाही असाच एक आदिपुरुष होता, ईनियस. तोही योद्धाच, पण ज्युलियस सीझरने नाण्यावर कोरला तो जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला. सोळाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, 1618-19 मध्ये, शिल्पकार बर्निनीने संगमरवरात घडवला तोही तसाच ओझ्याने वाकलेला, पायाशी लहान मुलगा. व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या एका भित्तिचित्रात तर या कुटुंबाला कुत्र्यांची तोंडं लावून चेष्टाही केली आहे. ईनियसचं त्याने काही बिघडलं नाही. आमच्याकडे पुतळ्याची उंची विचारली तरी भावना दुखावतात.

मूर्तिकारांना मी दोष देत नाही. मंडळं मागतात ते ते घडवतात. दोष पैसे मोजणाऱ्यांचा आहे. त्यांनी पुढची मूर्ती सांगताना कश्यपापुढे ओंजळीतून दानाचं पाणी सोडणारा परशुराम मागावा. नाहीतर जिवंत झालेल्या आईसमोर मान खाली घालून उभा असलेला मागावा. तोवर त्या पहिलवानाखाली परशुरामाचं नाव लिहू नये.