यंत्र परक्याचे, प्रणाली आपली

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रिक आजही उतरतात. त्यांत मराठी माणसेही पुष्कळ असतात. परिक्रमावासीचा सारा संसार एका झोळीत मावतो. आश्रमात वा धर्मशाळेत त्याला निवारा मिळतो, सदावर्ताचा शिधा तो स्वतः रांधतो, आणि सकाळी जागा झाडून पुढे निघतो. छप्पर परक्याचे असते, पण नित्यक्रम मात्र त्याचा स्वतःचा असतो. संगणकाच्या क्षेत्रातही असा एक मार्ग उपलब्ध आहे. आपल्या शाळांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी त्याचा अंगीकार करावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संगणक म्हणजे केवळ यंत्र नव्हे. त्या यंत्राकडून काम करवून घेणारी एक मूलभूत आज्ञावली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा संचालन प्रणाली म्हणतात. ती बहुधा यंत्रातील हार्ड डिस्कवर वसलेली असते आणि म्हणून यंत्र व प्रणाली ही एकच वस्तू आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः तसे नाही. संगणक सुरू होताच त्याच्या मुख्य पटावरील एका चिपमधील छोटी आज्ञावली प्रथम जागी होते आणि प्रणाली कोठे आहे याचा शोध घेते. त्या वेळी योग्य कळ दाबून पेनड्राइव्हकडे बोट दाखविले, तर ती हार्ड डिस्क सोडून पेनड्राइव्हवरील प्रणाली चालू करते.

अशा प्रणालीचा बहुतेक भाग एका दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये साठविलेला असतो. ती फाइल केवळ वाचली जाते, बदलली जात नाही. लागेल तो भाग लागेल तेव्हा उलगडला जातो. काम करताना होणारे बदल रॅम नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात, आणि वीज बंद होताच ती स्मृती पुसली जाते. आपले लेखन टिकवावयाचे असेल, तर पेनड्राइव्हवरच त्यासाठी वेगळा कप्पा राखता येतो. आपण होऊन हात लावला नाही, तर यजमान यंत्राची हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते.

ही सोय तीन धागे एकत्र आल्यामुळे शक्य झाली. वीज गेली तरी माहिती न विसरणारी फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी 1980 नंतरच्या दशकात सिद्ध केली. यूएसबी ही जोडणीची सामाईक पद्धत 1996 साली आली. तिच्या निर्मितीत बडोद्यास शिकलेले अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. मूळ यंत्राला धक्का न लावता चालणारी ‘नॉपिक्स’ ही लिनक्स प्रणाली जर्मनीचे क्लाउस नॉपर यांनी 2000 साली सीडीवर आणली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या पेनड्राइव्हची धारणशक्ती अवघी 8 मेगाबाइट होती. आज त्याच्या हजारपट, म्हणजे 8 गिगाबाइटचा पेनड्राइव्ह लहानांत गणला जातो, आणि एक संपूर्ण प्रणाली त्यात सुखाने राहते.

सामाईक प्रमाणाचे मोल ग्वारीघाटास वेगळे सांगावयास नको. येथून जबलपूर–गोंदिया ही अडीच फूट रुंदीची नॅरोगेज गाडी 2015 पर्यंत धावत असे. तिचे डबे ब्रॉडगेजवर जाऊ शकत नसत. मार्ग बदलला की माणसांनी उतरावे व मालाची चढउतार करावी, हा नियम होता. पुढे तो मार्ग ब्रॉडगेज झाला. यूएसबीने संगणकाच्या जोडणीत तेच कार्य केले. मात्र सर्व रूळ अद्याप एक झालेले नाहीत: 32 बिटच्या जुन्या यंत्रावर 64 बिटची प्रणाली चालत नाही, आणि काही नवी यंत्रे स्वाक्षरी नसलेल्या प्रणालीस दारातच अडवितात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विंडोज 10 या प्रणालीचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 पुष्कळशा जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाही. ज्या शाळेत दहा चालती यंत्रे आहेत, तिला ती निरुपयोगी म्हणून काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. यंत्र थकलेले नसताना ते भंगारात का जावे? पेनड्राइव्हवरील लिनक्स त्यावर चालवून पाहावी. चालली तर ठेवावी, न चालली तर काहीही गमावलेले नसते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली 2007 पासून उपलब्ध असून तिच्यात मराठीचीही सोय आहे.

दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत 2007 साली प्रत्येक मुलास छोटा संगणक देण्याचा प्रयोग झाला. त्या संगणकावरील ‘शुगर’ ही मुलांसाठी रचलेली प्रणाली 2009 साली पेनड्राइव्हवर आली. प्रत्येकास यंत्र देणे ज्या शाळेस परवडत नाही, ती प्रत्येकास प्रणाली देऊ शकते. विद्यार्थ्याचे निबंध, चित्रे व त्याने मांडलेल्या आज्ञा त्याच्या खिशात राहतात. यंत्र मात्र तासातासाला हात बदलते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. बाहेरच्या प्रणालीतून ग्रंथालयाच्या हार्ड डिस्कवरील कागद वाचता येतात. यास्तव वाचकांसाठी हार्ड डिस्क काढलेले यंत्र वेगळे ठेवावे, आणि कार्यालयीन यंत्रांस कूटबद्ध डिस्क व सांकेतिक शब्द यांचे कुलूप असावे. पेनड्राइव्ह हार्ड डिस्कहून बहुधा मंद असतो, आणि वारंवार लिहिल्याने झिजतो. तो हरवतोही, म्हणून वैयक्तिक कप्पा कूटबद्ध हवा व त्याची दुसरी प्रत घरी हवी. ज्या यंत्रातच कोणी कळफलकाची नोंद करणारे उपकरण बसविले आहे, तेथे आपली प्रणालीही रक्षण करू शकत नाही. अनोळखी पेनड्राइव्ह तर कधीच लावू नये. 2010 साली उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ हा विध्वंसक प्रोग्राम याच वाटेने पसरला होता.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. मायक्रोसॉफ्टनेही ‘विंडोज टू गो’ या नावाने अशी सोय मोठ्या संस्थांसाठी काढली होती. 2020 मध्ये ती बंद करण्यात आली. लिनक्सची प्रत करण्यास, वाटण्यास व बदलण्यास तिचा परवानाच अनुमती देतो. कोणा एका कंपनीचा विचार बदलला म्हणून ती अनुमती मागे घेतली जात नाही. सार्वजनिक संस्थेने कशावर विसंबावे, याचे उत्तर यातच आहे.

तेव्हा प्रत्येक ग्रंथालयाने पाच-दहा पेनड्राइव्ह तयार करून पुस्तकांप्रमाणे नोंदवहीत चढवावेत व वाचकांस घरी न्यावयास द्यावेत. ते परत आले की पुसून नव्याने भरावेत. यास खर्च थोडा, शिकण्यास एक दुपार पुरेशी. ज्ञानाची साधने थोड्यांच्या घरी न राहता सर्वांच्या हाती जावीत, याचसाठी आपण ग्रंथालये उघडली. त्या हेतूला हे काम धरूनच आहे.