आज राजवाडा बंद आहे!

पूर्वी आपल्या घरांतून कोणी प्रवासास निघाले, की वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा ही त्रयी आधी दारात येऊन उभी राही. आता त्यांची जागा पाठीवरच्या एका अवाढव्य पिशवीने घेतली आहे. कपडे, औषधे, मेतकूट, सारे काही तिच्या पोटात घालून नवराबायको खुशाल परदेशी जातात, स्वस्तातल्या निवासात उतरतात आणि पायी हिंडतात. आम्हाला हा प्रकार मनापासून आवडतो. सहलवाल्यांनी मेंढरांसारखे हाकीत नेण्यापेक्षा हे केव्हाही बरे!

मात्र महानगरे अशा पाहुण्यांची वाटच पाहत असतात. आमची इंदूरची भाची आणि भाचेजावई गेल्या हिवाळ्यात आठवडाभर बँकॉकला राहून आले. त्यांची हकीकत वाचकांस सांगण्याजोगी आहे. तीत चोरी नाही, दरोडा नाही. आहे तो केवळ एका सभ्य गृहस्थाचा मृदू आवाज.

उभयतां उतरली होती खाओ सान नावाच्या रस्त्यावर. खाओ सान म्हणजे कांडलेला तांदूळ. एके काळी तेथे तांदळाचा व्यापार चाले. १९८०च्या दशकापासून तेथे पाठीवर पिशवी घेतलेल्या प्रवाशांची पेठ बसली. पहिले दोन दिवस अन्नाच्या शोधात गेले, कारण शाकाहारी म्हणून मागविलेल्या भाजीतही मासळीचे पाणी असते. तिसऱ्या दिवशी ‘जे’ हा शब्द सापडला. लाल अक्षराचा पिवळा झेंडा जेथे लावलेला असेल तेथे मांसमासळी नाही, आणि कांदालसूणही नाही! परदेशी जाऊन ऐन हिवाळ्यात चातुर्मास पाळावा लागला, असे भाची म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी दोघे राजवाडा पाहावयास निघाली. पहिल्या राम राजाने १७८२ साली येथे राजधानी आणली आणि नदीकाठी हा वाडा बांधला. त्याच्या तटाची लांबी सुमारे १,९०० मीटर आहे. आमच्या मते सारी मेख येथेच आहे. एवढ्या लांब भिंतीच्या कडेने चालणाऱ्या परक्या माणसास प्रवेशाचे दार कोणते आणि ते उघडे की मिटलेले, हे दिसतच नाही. अशाच एका कोपऱ्यावर स्वच्छ सदऱ्यातला एक गृहस्थ सामोरा आला. कोठून आलात, भारत फार थोर देश, अशी चौकशी करून तो हळहळला, “आज बौद्धांचा सण. राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे. तोवर दोन देवळे पाहून या. तीनचाकी टुकटुक वीस बाटमध्ये फिरवून आणील.”

मोबाईलवर खात्री करता आली नसती काय, असे वाचक विचारतील. आली असती. पण आपले भले चिंतणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासमोर लगेच मोबाईल काढणे म्हणजे त्याला तोंडावर खोटे म्हणणे! संस्कारी माणसाला ते जमत नाही, आणि या धंद्याचे भांडवलच ते आहे.

टुकटुक एका लहानशा देवळाशी थांबली. तेथे ओळख ना पाळख असा दुसरा गृहस्थ भेटला. त्याने आपण होऊनच सांगितले, की आज सरकारी रत्नपेढीत करमाफीचा शेवटचा दिवस आहे. एक सांगतो तेव्हा आपण साशंक असतो. दुसऱ्याने तेच सांगितले, की तेच पुराव्यासारखे वाटू लागते. टुकटुकवाल्याला अशा दुकानात गिऱ्हाईक नेल्याबद्दल इंधनाचे कूपन मिळते, म्हणून तर वीस बाटमध्ये तो दिवसभर फिरवावयास तयार असतो.

दुकानात नीलमण्यांचा एक जोड समोर आला. किंमत तीस हजार बाट, म्हणजे आपले पाऊण लाखाहून अधिक. भारतात दुप्पट येतील, असे आश्वासन! भाचेजावयांनी घराच्या हप्त्यासाठी राखलेल्या पैशांचे कार्ड बाहेर काढले. भाची मात्र सराफ्याच्या गल्लीत वाढलेली. तिने शांतपणे विचारले, “हेच खडे आज संध्याकाळी परत आणले, तर घट कापून किती द्याल?” आपल्याकडे हा प्रश्न कोणताही सराफ ऐकून घेतो. तेथील विक्रेत्याचे हसू मावळले. दोघे बाहेर आली, तो टुकटुक नाहीशी झालेली!

उन्हात रस्ता शोधीत ती राजवाड्याशी पोहोचली, तेव्हा चार वाजले होते. तिकिटे साडेतीनपर्यंतच मिळतात. वाडा आता खरोखरच बंद झाला होता. परक्यांवर विश्वास ठेवू नका, वाडा रोज उघडा असतो, अशी पाटी तेथेच होती.

पैसे वाचले होते, पण जावयांचा पारा चढला होता. दोघांत अबोला. परतीसाठी चाओ फ्रया नदीवरील बोटीत ती बसली. येथे बोट कोणत्या धक्क्यावर थांबेल हे तिच्या निशाणाच्या रंगावरून ठरते. एका वृद्धेने त्यांच्या हातातील निवासाचे कार्ड पाहिले आणि जावयांची बाही ओढून ती खाणाखुणा करू लागली. जावयांनी तिचा हात झटकला. “आता कोणाचे काही ऐकायचे नाही!” बोट त्यांचा धक्का मागे टाकून बरीच पुढे गेली. तीच आजी मग त्यांच्याबरोबर उतरली, उलट दिशेची बोट येईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि त्यांना तीत चढवून, हात जोडून निघून गेली. सकाळच्या गृहस्थाने तिच्या वाट्याचा विश्वास आधीच खर्चून टाकला होता. तीस हजार बाटांहून आम्हाला हेच नुकसान अधिक वाटते.

तेथे पर्यटकांसाठी स्वतंत्र पोलीस आहेत. त्यांचा दूरध्वनी ११५५. जाणाऱ्यांनी टिपून ठेवावा.

दुसऱ्या दिवशी दोघे थेट दाराशी गेली. दाराशी जावयांच्या आखूड विजारीला हरकत घेण्यात आली, म्हणून समोरच्या दुकानातून हत्तींच्या नक्षीचा पायजमा घ्यावा लागला. आत मात्र श्रमांचे सार्थक झाले. पाचूबुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत थायी रामायणाची, म्हणजे रामाकियेनची, १७८ भित्तिचित्रे आहेत. या रामायणात सीता रावणाचीच कन्या आहे, आणि मारुती ब्रह्मचारी नाही! सेतूचे धोंडे पळविणाऱ्या रावणकन्या मत्स्यकुमारीला अडवायला तो जातो आणि तिच्याच प्रेमात पडतो. आपल्याकडे मकरध्वजाच्या जन्माला घामाचा थेंब पुरतो. तेथे कथाकारांनी आडपडदा ठेवलेला नाही.

त्या चित्राचे छायाचित्र भाचीने आम्हाला पाठविले. आमच्या आईने चष्मा पुसून ते पुन्हा पुन्हा पाहिले, मारुतीला नमस्कार केला आणि विचारले, “त्या आजीचा नाही का काढला फोटो?”